न्हाणीवरच्या फणसाचं बोलावणं

रत्नागिरीत राहून हापूसबद्दल वाकडं बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे. मी बोलतही नाही. पण पाहुणा आला की कापा फणस ताटात आणि बरका गुरांपुढे, हा जो न्याय आमच्याकडे चालतो, त्याने माझं डोकं लहानपणापासून फिरतं. कापा कडक, सुबक, चारचौघांत मिरवणारा. बरका मऊ, बुळबुळीत, खाताना कोपरापर्यंत ओघळणारा. पण त्याला कोयता लागत नाही, पिकला की नुसत्या हातांनी उघडतो. आणि त्याच्या रसात तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून उकडलेली सांदणं! तशी सांदणं कापा जन्मात देणार नाही. मी बरक्याच्या बाजूची आहे आणि ते कोणापासून लपवत नाही.

माझं माहेर लांज्याकडे, रस्ता सोडून बरंच आत. घरामागे न्हाणी, आणि न्हाणीला लागून एक बरका फणस. आंघोळीच्या पाण्यावर वाढलेला म्हणून तो न्हाणीवरचा. आमच्याकडे फणसांना अशीच नावं असतात, गोठ्यामागला, पायरीवरचा, तेल्या. न्हाणीवरच्याच्या गऱ्यांना वेलचीचा वास यायचा. आईची सांदणं खाऊन शेजारीण हमखास विचारायची, "वेलची घातलीस काय गो?" आणि आई नुसती हसायची.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि भाट्याच्या रस्त्याला घर घेतलं. हातात मोबाइल आला. सगळे जिथे असतात तिथे मीही गेले. एकदा मोठ्या हौसेने न्हाणीवरच्याचा फोटो टाकला, अख्ख्या खोडाला बुंध्यापर्यंत फणस लगडलेले. खाली पहिला प्रश्न, हापूसची पेटी कशी दिली? दुसरा, फणस कापा आहे का? तिसऱ्याने गुलाबाचं फूल पाठवून सुप्रभात म्हटलं. मग मला दिवसभर फणस कापायच्या यंत्रांच्या जाहिराती दिसायला लागल्या. बरक्याला यंत्र! मी संतापून ते सगळंच काढून टाकलं.

तेव्हा टेलिफोनातलीच माझी एक मैत्रीण, आता गोव्यात असते, तिने मला दुसऱ्या जागेची वाट दाखवली. म्हणाली, इथे एक मालक नाही. लहान लहान सर्व्हर आहेत, कुठे चार जणांनी मिळून चालवलेला, कुठे एकाच माणसाने. आपण एका ठिकाणी राहायचं आणि सगळ्यांशी बोलायचं. जाहिरात नाही, कोणाला काय दाखवायचं हे ठरवणारा वर बसलेला कोणी नाही. तिला वाटलं मला समजायला जड जाईल. अगं, मी म्हटलं, हे तर आपलं एक्स्चेंज झालं. लांज्याचं वेगळं, गुहागरचं वेगळं, आणि तार जोडली की कोणीही कोणाशी बोलतो. आयुष्यभर दुसरं काय केलं आपण?

ती ज्या झाडाझुडपांची आवड असलेल्यांच्या सर्व्हरवर होती, तिथेच मी एक गट उघडला. फक्त बरक्या फणसासाठी. कापावाल्यांनी यायला हरकत नव्हती, पण गप्प बसायचं.

हौस म्हणून उघडला खरा, पण लवकरच तो माझ्या गरजेचा झाला. भावाने मुंबईची नोकरी संपवून गावी घर बांधायचं काढलं. जुनं घर पार खचलेलं, नवं हवंच होतं. नव्या घराच्या जोत्यात न्हाणीवरचा येत होता. तो तोडायचा आणि त्याच्याच लाकडाच्या चौकटी करायच्या, असं ठरलं. भावाचं काही चुकत नव्हतं, हे मला कळत होतं, आणि तरी मला रडू येत होतं. आठळ्या लावून तो फणस परत मिळत नाही. आठळीतून कोण निघेल याचा भरवसा नसतो. तोच वास, तोच रस हवा असेल तर त्या झाडाची काडी घेऊन दुसऱ्या रोपावर कलम बांधावं लागतं. फणसाचं कलम म्हणजे रुसकं काम, बांधलेली बरीचशी मरतात. माझ्या एकटीच्या हातून ते व्हायचं नव्हतं. पुष्कळ हात हवे होते, पुष्कळ परसं हवी होती. कुठे ना कुठे एक तरी जगेल.

म्हणून मी कंबर कसली. गटाची जाहिरात लिहिली, "सर्वांना आग्रहाचं निमंत्रण", आणि दिसेल तिथे लावली. आळीच्या ग्रुपवर, टेलिफोनवाल्यांच्या ग्रुपवर, गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर. मग वाट बघत बसले. आली कोण? गोव्याची मैत्रीण, आणि एक गृहस्थ जे चुकून आले होते आणि सभ्यपणे तसं सांगून निघून गेले. मला असा राग आला! जगात बरका आवडणारी माणसंच उरली नाहीत, असं मी फोनवर भावजयीला सांगितलं.

ती तिकडे भाकऱ्या थापत होती, मला थापट्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "वन्सं, तुमी चव्हाट्यावर उभं ऱ्हावून हाक मारलीत तर कोन येनार? आपन पूजेचं बोलावनं देवळाच्या भितीवर चिकटवतो काय? घराघरात जाऊन सांगावं लागतं. एक घर ऱ्हायलं तर वरीसभर तोंड फिरवून जातात."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. सत्यनारायण असो, बारसं असो, आमच्या गावात बोलावणं म्हणजे बोलावणं. सकाळी निघायचं, प्रत्येक घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं, उद्या आमच्याकडे पूजा आहे, सगळ्यांनी यायचं. शेजारच्या घरात सांगितलेलं यांनी ऐकलेलं असतं, यांना सगळं ठाऊक असतं, तरी यांच्या खळ्यात पाऊल पडल्याशिवाय हे येत नाहीत. सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही. मी त्या गावात वाढले आणि मोबाइलवर सगळं विसरले.

मग मी रोज दुपारी चहा झाला की बोलावणी करायला बसायला लागले. त्या जाळ्यावर कोणी कुठे फणसाचं नाव जरी काढलं, तरी त्याच्या दारात जायचं. आधी त्याने काय लिहिलंय ते नीट वाचायचं, त्यावर दोन शब्द बोलायचं, आणि मग विचारायचं, तुमच्या परसात बरका आहे का? त्याला काय नावाने हाक मारतात? एवढं विचारल्यावर माणूस थांबत नाही. वेळणेश्वरच्या एका मास्तरांनी त्यांच्या देवचाराच्या, म्हणजे वाडीचा राखणदार ज्यावर राहतो त्या फणसाबद्दल असं काही लिहिलं की मला जेवण सुचेना. आंजर्ल्याची एक सून आली, तिच्या सासूची फणसपोळी सगळ्या गावात पातळ. विरारला राहणारे, वर्षातून दोनदा गावी जाणारे कितीतरी आले, त्यांचे फणस गावी कुलुपबंद घरांजवळ एकटेच उभे. केरळातली एक बाई आली. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला येईना, पण गऱ्याचा फोटो टाकला की दोन्हीकडे तोंडाला पाणी सुटायचं.

नवीन माणूस आला की मी त्याला नावाने या म्हणायची. कोणी भांडण उकरून काढलं तर कानउघाडणी करायची. एकाने लिहिलं की बरका हे मागासलेपणाचं लक्षण आहे, त्याला मी दारापर्यंत पोचवून आले. गट काही मोठा झाला नाही. पण आला तो टिकला, आणि एकमेकांची चौकशी करायला लागला. निवृत्तीनंतर इतकी मजा मला येईल असं वाटलं नव्हतं.

पावसाळा अर्धा गेला तेव्हा मी न्हाणीवरच्याची हकिगत गटावर लिहिली. झाड जाणार आहे, काड्या कोणाकोणाला हव्यात? हात वर झालेच झाले. लोकांनी बरक्याच्या आठळ्या पिशव्यांत लावून ठेवलेल्या होत्या, रोपं कलमाला लागतात तशी नेमकी कोवळी होती. मास्तरांनी सांगितलं, काड्या ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सोपटात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये उबतात. मी आनंदाने भावाला फोन केला. "काड्या काढून ठेव, लोक थांबलेत."

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, बघू. आठवडा गेला, तरी बघूच. मग फोन उचलेना. शेवटी भावजयीने परसात जाऊन, आवाज लहान करून सांगितलं, "ते रागावलेत. म्हनतात, माझ्या झाडाचं तिनं सगळ्या जगाला इचारलान, मलाच तेवढं नाय इचारलान. आनि वन्सं, सुतार ह्या बाजारानंतर येनार हायत."

आधी मी भडकले. माझा पाठचा भाऊ, त्याला कसलं बोलावणं? घरचा माणूस! मग स्वयंपाकघरात उभी राहून विचार करता करता मला आठवलं, केरळच्या बाईलासुद्धा मी मोडक्या इंग्रजीत तिच्या फणसाचं नाव विचारलं होतं. विरारवाल्यांना विचारलं होतं. न्हाणीवरचा ज्याच्या परसात उभा होता, त्या परसात मात्र मी पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्या वाडीला सांगितलं आणि सख्ख्या भावाचं घर राहिलं होतं.

सकाळची एसटी पकडली. सोबत नारळ आणि सुपारी घेतली. पाऊस रिपरिपत होता, खळ्यात शेवाळ धरलेलं. मी आत गेले नाही, छत्री धरून खळ्यातच उभी राहिले. भाऊ बाहेर आला, मला बघून गोंधळला.

"अगो ताय, भिजतेस कशाला? आत ये."

"आधी ऐक," मी म्हटलं. "आमच्याकडे बरक्या फणसाच्या मंडळींची बैठक आहे. तुम्ही सर्वांनी यायचं." आणि सुपारी पुढे केली.

तो सुपारीकडे बघत राहिला. मग दाराआडून भावजय फिस्सकन हसली, आणि त्यालाही हसू आवरेना. सुपारी घेताना त्याचे डोळे भरले होते. माझे तर एसटीतच भरले होते. "कुठं यायचं ता तरी सांग," तो म्हणाला. मी त्याचा मोबाइल घेतला आणि त्याला तिथल्या तिथे गटात घातला. उजव्या हाताचं एकच बोट वापरून, चष्मा कपाळावर सरकवत, त्याने आपलं पहिलं लिहिणं लिहिलं. किती वेळ लागला म्हणता! आमचा दोनदा चहा झाला.

त्याने लिहिलं होतं, आई मला सांगायची, हा फणस कोणी लावलेला नाही. न्हाणीच्या पाण्यावर आपोआप उगवला. आई उपटून टाकणार होती, भिंतीला मुळं लागतील म्हणून. ताई रोपाला मिठी मारून बसली आणि जेवली नाही. म्हणून राहिला.

मला हे अजिबात आठवत नव्हतं. सगळ्या जगाला मी त्या झाडाच्या गोष्टी सांगत होते आणि मुख्य गोष्ट त्याच्याजवळ होती. मी पदर तोंडाला लावून परसात गेले. झाडाला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

काड्या त्यानेच काढल्या. शिडी लावून स्वतः वर चढला, भावजय खालून ओरडत होती तरी. ओल्या फडक्यात, सोपटात गुंडाळून काही एसटीने गेल्या, काही मुंबईला जाणाऱ्यांच्या पिशव्यांतून. सुतार आले तेव्हा मी तिथे नव्हते, मला बघवलं नसतं. भावाने गटावर एवढंच लिहिलं की, तोडला. त्या दिवशी कोणी फोटो टाकले नाहीत, कोणी विनोद केला नाही. सगळे एकेक करून येऊन दोन शब्द बोलून गेले.

कलमं मरायला लागली तशी माझी झोप उडाली. माझी मेली, गोव्याची मेली, विरारवाल्यांच्या खिडकीतली काळी पडली. मग आंजर्ल्याच्या सुनेने एक फोटो टाकला. काडीच्या टोकाला हिरवा कोंब, नखाएवढा. आम्ही सगळे त्या नखाएवढ्या कोंबावर तुटून पडलो. पाठोपाठ वेळणेश्वर. दिवाळीच्या सुमाराला एका विरारवाल्याच्या गावच्या परसातूनही बातमी आली. आज तो फणस माहेरी नाही, पण त्यांच्या परसांत आहे. त्याला फळं धरायला वर्षं जातील. तोवर गटाला बोलायला विषय आहे.

यंदा घर पुरं झालं. चौकटी न्हाणीवरच्याच्या, पिवळ्याधमक. वास्तुशांत ठरली, तसे मला गटातल्या लोकांचे निरोप यायला लागले. तुमच्या भावाचं आमंत्रण आलं. तुमच्या भावाने आमच्या सासूबाईंचीही चौकशी केली. केरळच्या बाईलासुद्धा गेलं होतं, चित्रासकट. ती येणार नव्हती, पण भारी खूश होती. मास्तर म्हणाले, मी येतोय, आणि येताना न्हाणीवरच्याचं कलम घेऊन येतोय, जागा धरून ठेवा. माझा भाऊ त्या एका बोटाने रोज थोडी थोडी बोलावणी करत होता, प्रत्येकाच्या दारात वेगळा जाऊन. गटावर मात्र त्याने जाहीर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी हे वाचून हसत होते. म्हटलं, शिकला हो पठ्ठ्या. आणि चहा ठेवायला उठले तेवढ्यात माझ्याही मोबाइलवर टिंग झालं.

"ताय, वास्तुशांतीला सर्वांनी यायचं. घरची म्हणून तुला सांगायचं राहायला नको."