रोझाल्विनाचा डावा डोळा आणि नऊ नंबरचं झाड

दोन्या, म्हणजे आमची रोझाल्विनाबाई, आंबट फळ चाखते तेव्हा गाव तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघतं. जितकं आंबट तितकं झाड चांगलं: डावा मिटला तर बरं. दोन्ही मिटले तर त्याच झाडाची कलमं पुढच्या मोसमात काठावर सगळीकडे. डावा नुसता किलकिला झाला, तर झाडाचं काही खरं नाही. पेरूतल्या उकायाली नदीच्या या काठावर चाळीस वर्षं असंच चाललंय. जानेवारीत नदी चढते, कामू-कामूची झाडं निम्मी बुडतात, आम्ही होड्यांतून तोडणी करतो. दोन्या होडीच्या टोकाला बसून बोराएवढं जांभळट फळ मिठात बुडवते, चावते, आणि सगळी वल्ही थांबतात.

विल्देर तुआनामा तिच्या लेकीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणतात आणि मनसोक्त टोमणे मारतात. त्याच्या झाडाला तिचा डोळा जेमतेम किलकिला झाला. "कोंपाद्रे, हे तान्ह्या पोरांसाठी लावलंत का?" झालं. नदीनं काठ खाल्ला तेव्हा विल्देरनं घरातल्या खाटेआधी हेच रोप होडीत घातलं होतं. पण गावच्या तोडणी मंडळानं ठरवलं: पाणी उतरलं की ऑगस्टात ते गुडघ्याएवढं छाटायचं आणि बुंध्यावर दोन्याच्या झाडाचं कलम बांधायचं.

छाटणीच्या सकाळी लिमाच्या प्रयोगशाळेतली नोएलियाबाई आली. तोडणीत तिनं बारा झाडांना नंबर लावून पानं-फळं तपासायला नेली होती. दर दुसऱ्या वाक्याआधी नाक वर करून 'साधारणपणे' म्हणायची तिची सवय.

"साधारणपणे, क जीवनसत्त्व सगळ्यात जास्त नऊ नंबरात निघालं."

नऊ म्हणजे विल्देरचं. त्यानं हातातली करवत पाठीमागे लपवली, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"आणि माझं?" दोन्यानं विचारलं.

"सातवं. साधारणपणे, आंबटपणा बराचसा दुसऱ्याच आम्लाचा असतो. जीवनसत्त्व किती बनवायचं ते झाडाची जनुकं ठरवतात. साधारणपणे, जिभेला ते वेगळं ओळखता येत नाही."

"साधारणपणे येत नाही, की अजिबात येत नाही?"

नोएलियानं नाक खाली केलं. "माहीत नाही." 'साधारणपणे' नसलेलं तिचं हे पहिलंच उत्तर.

"चाळीस वर्षं आम्ही तुमच्या पापणीवर चालतोय, कोमाद्रे," विल्देर म्हणाला.

"तुम्ही आंबट किती विचारलंत, मी आंबट किती ते सांगितलं. जीवनसत्त्वाचं कुणी विचारलं होतं?"

सगळे हसले, पण दोन्या नाही. ती नवाच्या बुंध्याशी उकिडवी बसली, माती चोळली, हुंगली. "बाई, इथला गाळ वेगळा आहे. गुण गाळाचा कशावरून नाही?"

"जनुकं फांदीबरोबर जातात. पण गाळाचाही थोडा वाटा असेल."

"मग बघू. कळेपर्यंत नवाला हात लावायचा नाही."

तिनं नवाची एक काडी मागून घेतली आणि स्वतःच्या झाडाच्या डाव्या फांदीवर कलम बांधलं. दोन्ही फांद्यांना मूळ तेच, गाळ तोच. विल्देरची करवत घरी गेली.

तिसऱ्या तोडणीला त्या फांदीवर फळं आली. दोन्यानं उजवीकडचं चाखलं, दोन्ही डोळे गच्च. डावीकडचं चाखलं, डावा जेमतेम किलकिला. होड्यांतून एवढं हसू उठलं की बगळे उडाले. नोएलियाचा कागद दोन आठवड्यांनी आला: डावी फांदी नवासारखीच, उजवी पूर्वीसारखी. गुण फांदीबरोबर आला होता.

विल्देरच्या झाडाची कलमं आता पाच घरांत आहेत. पण दोन्याचं समाधान नाही. "गिळल्यानंतर नवाचं काहीतरी वेगळं आहे," ती म्हणते. तिनं मीठ सोडलं. खुणा न केलेल्या वाट्यांत नोएलिया रस ओतते, दोन्या चूळ भरते, पिते, वाट बघते. कुठला रस नवाचा, कुठला तिच्या झाडाचा, ते काल दहातल्या सहा वाट्यांत ओळखलं.

"साधारणपणे, हा योगायोग," नोएलिया म्हणाली.

"मग उद्या वीस वाट्या आण."

आज विल्देरनं होडी अगदी जवळ आणलीय. नवाचा घोट घशाखाली गेल्यावर तिचा उजवा डोळा हलतो असं त्याचं म्हणणं आहे.