पत्र्यांच्या पैशातली परीक्षा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच माफ करा. चौथीनंतर पाटी सुटली आणि बोटं सूप धरायला वळली, ती तशीच वळलेली राहिली. त्यामुळे अक्षर ओळीवर बसत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरीही माफी मागते. माझा स्वभावच तसा आहे. एकटी बसले तरी कुणीतरी समोर आहे असं वाटून मी पदर सारखा करते.

लिहायचं आहे ते मुलीच्या वकिलीच्या परीक्षेबद्दल. आम्ही मूल नावाच्या गावात राहत होतो. मुलीचे बाबा राईस मिलवर हमाल होते आणि मी त्याच मिलमध्ये पाखडणीला जात होते. मुलगी बारावी झाली. बारावीनंतर पाच वर्षांत वकील होता येतं असं तिच्या कॉलेजातल्या सरांनी तिला सांगितलं. पण ते शिकवणाऱ्या मोठ्या कॉलेजात जागा मोजक्या, आणि आत जायच्या आधी एक परीक्षा. फॉर्म, पुस्तकं, नागपूरला जाणं, तिथे दोन दिवस राहणं, सगळं मिळून चारशे रुपये लागणार होते. आमच्याकडे चाळीसही नव्हते.

आमच्या वस्तीतल्या बायकांचं मंडळ होतं. रोज चुलीवर भात टाकताना प्रत्येक घरची बाई मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढायची. पौर्णिमेला ते सगळे तांदूळ गोळा करून विकायचे आणि आलेले पैसे विहारासाठी ठेवायचे. विहाराच्या भिंती झाल्या होत्या, पण वर जुनी फुटकी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होती. त्या जागी टिनाचे पत्रे टाकायचे होते. पैसे सांभाळणारी एक म्हातारी विधवा होती, बाजारात भाजी विकायची. तिला आम्ही सगळ्या मोठी बाई म्हणायचो. तिनंच बैठकीत विषय काढला, "पत्रे काय, पुढच्या साली चढतीन. पोरगी वकील झाली तं साऱ्या वस्तीवर छप्पर होईल." बायकांनी हात वर केले. मी कोपऱ्यात बसले होते. दोन शब्द बोलावे म्हणून उठले आणि काही न बोलता पुन्हा बसले.

मे महिन्यात ती परीक्षा देऊन आली. जूनच्या शेवटी टपालानं कागद आला, तेव्हा ती रेशनच्या रांगेत होती. कागद इंग्रजीत होता. पण मिलच्या काट्यामुळे इंग्रजी आकडे मला ओळखता येतात. शंभराच्या बाजूला शेहेचाळीस लिहिले होते. आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे. गुरुजींनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. मी दुकानातून अर्धा किलो साखर आणली. जन्मात कुणाच्या दारात स्वतःहून न गेलेली मी त्या दिवशी घरोघरी गेले आणि प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली. "पोरगी पास झाली," एवढंच म्हणत होते, पण म्हणत होते.

मुलगी रस्त्यात होती तेव्हाच एका शेजारणीनं तिच्या तोंडात साखर कोंबली. "तोंड गोड कर व वकीलीणबाई!" ती धावत घरी आली. तोंडातली साखर अजून विरघळली नव्हती. तिनं कागद वाचला आणि मला म्हणाली, "आई, कोणं सांगतलं तुले मी पास झाली म्हणून?"

"शेहेचाळीस लिहिले हायेत न."

"इथी पास-नापास नसते, आई. वरून मोजत येतात. जागा भरल्या का बाकीचे सारे बाहेर."

"आपल्या सवलतीच्या जागा हायेत न?"

"त्यातही मी अकरा मार्कांनं बाहेर हावो."

तिनं कागदाची घडी घातली, रेशनचे गहू डब्यात ओतले आणि डबा झाकला. रडली नाही. मलाच पुन्हा घरोघरी जाऊन सांगावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही. न सांगताही ते दिवस मावळायच्या आत हापशीवर पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याला गेले तर एकीनं विचारलं, "काऊन वो, कालची साखरही आमच्याच पैशाची होती का?" बाकीच्या हसल्या. फार वाईट हसल्या नाहीत, पण मी गुंड, म्हणजे घागर, अर्धाच भरून परत आले.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. आमच्या मुलीचं वाचन स्वच्छ, म्हणून आठवीपासून तीच वाचायची. दुसरं कुणी तयारच होत नव्हतं. त्या वर्षीही तिलाच बसावं लागलं. वर फुटकी कवेलू, खाली पाट, पाटासमोर पन्नास बायका, आणि त्यांच्याच मुठीतल्या तांदळाची परीक्षा नापास झालेली मुलगी वाचते आहे. पाऊस आला की चार ठिकाणी गळायचं. खाली गंज-पातेली, ताटल्या मांडायचो. एकदा थेंब नेमका तिच्या पानावर पडला. मागून कुणीतरी म्हणालं, "हा कोणता थेंब वो?"

"वकीलीणबाईचा."

ती थांबली, ओढणीनं पान टिपलं आणि पुढचं वाक्य वाचू लागली. मी भिंतीला टेकून बसले होते. धानाच्या बांधावर पाणी वाहतं तिथे बांबूचा सापळा लावतात. मासा पाण्यासोबत आरामात आत जातो. बाहेर यायला त्याला वाट नसते, आणि पाणी मात्र त्याच्या अंगावरून वाहतच राहतं. तसं आमचं झालं होतं. वाचायला बसलं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि न बसलं तर तोंड लपवलं म्हणतील.

घरी तिचे बाबा म्हणाले, "आंगणवाडीत जागा निघून राह्यली. इथीच, गावात. अर्ज दे. पगारातून पत्र्याचे पैसे फेडू, मंग पाहू पुढचं." ते रागानं बोलले नव्हते. त्यांच्या पाठीवरही पोत्यांसोबत ते चारशे रुपये होते. मुलगी म्हणाली, "देतो अर्ज. मी नाई बसत पुन्हा." आणि तिच्या आवाजात मला सुटका ऐकू आली नाही. दार लावल्यासारखा आवाज होता तो.

अर्जाला महिनाभर वेळ होता. एका दुपारी मिल बंद होती म्हणून मी लवकर घरी आले. ती परीक्षेचं जुनं पुस्तक उघडून बसली होती. मला पाहून मिटवणार होती, पण मी पाहिलंच नाही असं करून चुलीशी बसले. बाजूनं पाहत होते. तिचे ओठ हलत होते. एक प्रश्न तिनं ओठातल्या ओठात पूर्ण वाचला, पूर्णविरामाला श्वास घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"दोनदा काऊन वाचतेस?" मी विचारलं.

"कुठी? एकदाच तं वाचलं."

"दोनदा वाचलं. मी पाह्यलं."

ती पुस्तकाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, पेपर कठीण नव्हता. टाइमच नाई पुरला. बाजूचा पोरगा पान उलटवे तवा माझे चारच प्रश्न झाले राहत. अर्ध्याच्या वर कोरा राह्यला."

आम्ही दोघीही एकाच वेळी समजलो. विहारात म्हाताऱ्या बायका असतात. कठीण वाक्य आलं की कुणीतरी म्हणतंच, "अजून एक डाव वाच व माय." मग तिनं न सांगता प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची सवय लावून घेतली होती. हळू, श्वास घेऊन, मागे बसलेल्या बहिऱ्या आजीलाही कळेल असं. आणि घरी मी. गावातलं पत्र असो, औषधाची बाटली असो, मी म्हणायचे, "मोठ्यानं वाच, मले ऐकू दे." त्या परीक्षेच्या खोलीतही ती आम्हा सगळ्यांना वाचून दाखवत होती.

म्हणजे तिला बुद्धी कमी नव्हती. पुन्हा बसली तर जमलं असतं. पण त्यासाठी वर्षभर तिनं मोठ्यानं वाचायचं बंद करायला हवं होतं. विहारातही. आणि हे सांगायचं कसं? "तुमच्या पैशावर परीक्षेला गेली आणि तुमच्यासाठी वाचून वाचून नापास झाली," असं कोणत्या तोंडानं म्हणणार? त्यापेक्षा आंगणवाडी बरी. आठ दिवस मी ते शब्द तोंडात घोळवले. सूप चुकून कोंड्याऐवजी तांदूळ खाली पाडायला लागलं, तेव्हा मुकादम ओरडला.

शेवटी आठवडी बाजारात गेले. मोठी बाई वांगी मांडून बसली होती. मी समोर उभी.

"पाव किलो देऊ का अर्धा?"

"नाई, बोलाचं होतं."

"तू बोलाले आली?" ती खरंच दचकली. "बस मंग. पोत्यावर बस."

मी सगळं सांगितलं. मधून गिऱ्हाईक यायचं, ती वांगी तोलायची, मी तेवढा वेळ गप्प, मग पुन्हा जिथे थांबले तिथून. ओठांचं सांगितलं, दोनदा वाचायचं सांगितलं. दोष देते आहे असं वाटू नये म्हणून चार वेळा "तुमचं काई नाई, तिचंच" म्हटलं. ऐकून ती किती तरी वेळ तराजूची दोरी सरळ करत राहिली.

"ते 'अजून एक डाव' म्हणणारी मीच हावो वो," ती म्हणाली. "मले एका वेळेत समजतच नाई."

मग म्हणाली, "पोरीले सोड वाचनातून. पण नवे पैसे मंडळ देणार नाई, ते मी मागतही नाई. जुने तुले फेडा लागतीन."

"फेडतो."

"अन् वाचन बंद नाई पडलं पाह्यजे. तू वाच."

"मी चौथी हावो, बाई."

"मी तं पहिलीही नाई."

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले. त्या संध्याकाळची आठवण लिहितानाही कान तापतात. जोडाक्षर आलं की मी थांबायचे, बोटानं फोडायचे, आतल्या आत जुळवायचे. आवाज पहिल्या रांगेपुढे गेलाच नाही. एका पानाला सगळी संध्याकाळ गेली. "हिच्या हातून तं दिवाळीपर्यंत पहिलाच धडा होईल," एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "होऊ दे वो, हिचं एका वेळेतच समजते. तितक्यात झोपही होते." माझ्याही तोंडून हसू निघालं, आणि ओळ हरवली.

मुलीनं आंगणवाडीचा अर्ज दिला नाही. तिचे बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकच डाव. तिसरा नाई." ती माझ्यासोबत मिलवर यायला लागली. तिच्या मजुरीतून दुसऱ्या फॉर्मचे पैसे साठले. संध्याकाळी मी विहारात आणि ती घरी. भाताला उकळी येईपर्यंत एक पान संपवायचं असा तिनं नेम केला. ओठ हलू नयेत म्हणून ओढणीचं टोक दातात धरायची. पहिल्या महिन्यात रोज भात ऊतू जायचा आणि पान राहायचं. आम्ही खालचा करपलेला भात खाल्ला. हिवाळा आला तेव्हा पान संपवून ती चुलीकडे पाहत उकळीची वाट बघायला लागली.

घरात मात्र आवाज नव्हता. औषधाच्या बाटलीवरचं मी आता स्वतः वाचायचे. ती समोर बसून वाचायची आणि मला एक शब्द ऐकू यायचा नाही. हे मीच मागितलं होतं. तरी कधी कधी वाटायचं, ती याच घरात बसून दूर निघून चालली आहे.

दुसऱ्या वर्षी कागद आला तेव्हा मी तो उघडलाच नाही. डब्याखाली ठेवून तिची वाट पाहिली. त्रेसष्ट मार्क होते. "हे किती वरून हाय?" मी विचारलं. "सांगता येत नाई, यादी लागू दे," ती म्हणाली. पहिल्या यादीत नाव नव्हतं. तेवीस दिवस वाट पाहिली. दुसऱ्या यादीत नाव आलं, खालून तिसरं. तिचे बाबा तिला सोडायला गेले. मी फाट्यापर्यंत गेले. बस निघाली आणि मी तशीच मिलवर गेले, कारण अर्ध्या दिवसाची मजुरी तरी मिळावी.

ती गेली, मी राहिले. लोकांना वाटायचं आता मी मोकळी झाले. पण दर पौर्णिमेला मोठ्या बाईकडे कधी दहा, कधी पाच, आजारपण आलं तर दोन रुपये, असं चाललं होतं. आणि दर पावसाळ्यात गळक्या कवेलूंखाली, त्याच पाटावर, मी. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तिनं लिहिलं, त्यातून पाठवते. मी उत्तर लिहिलं, पाठवू नको. तिनं पाठवले असते तर परीक्षा पुन्हा तिच्याच डोक्यावर बसली असती. ती एकदा तिच्या डोक्यावर बसलेली मी पाहिली होती.

तिच्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बायकांनी मुठीचे तांदूळ वाढवून पत्रे आणलेच. माझे अजून साठ रुपये बाकी होते. बैठकीत कुणी म्हणालं, "राहू द्या आता. छप्पर तं झालं." बऱ्याच जणींनी माना हलवल्या. मोठ्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले, आणि या वेळी खाली बसले नाही. "नाई," मी म्हटलं, "राहू द्याचे नाईत. सोडलेले पैसे पोरीच्या मागं लागतीन. ती घरी आली का कोणी तरी म्हणतीन, हिले आम्ही पैसे सोडले. मी देतो."

त्यानंतरचे सहा महिने मी आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या मिलवरही गेले. कार्तिक पौर्णिमेला सकाळी मोठ्या बाईच्या घरी जाऊन शेवटचे आठ रुपये तिच्या हातात दिले. तिनं ते दोनदा मोजले, डब्यात टाकले, आणि भिंतीवर माझ्या हप्त्यांसाठी मारलेल्या रेघोट्यांची सगळी ओळ माझ्यादेखत कोळशानं खोडली. चारशे पूर्ण फिटले.