तूर्तास चालून जाईल

गॅरेजच्या पाटीवर एके काळी त्याचं नाव होतं. पाटी गंजली, नाव गेलं, आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण सगळे त्याला तूर्तास म्हणत. गाडी कुठलीही असो, दुखणं कुठलंही असो, हा खाली वाकायचा, दोन ठोके मारायचा, तार गुंडाळायचा आणि हात पुसत सांगायचा, "तूर्तास चालून जाईल. सवडीनं नीट करू."

आणि गाडी खरंच चालायची, हीच तर पंचाईत. चालतेय म्हटल्यावर कोण शहाणा परत येतो? गावात डब्याच्या पत्र्यानं सांधलेले सायलेन्सर होते, दोरीनं बांधलेली दारं होती, आणि ती सवड नावाची बाई काही अजून गावात फिरकली नव्हती.

दुसऱ्यांच्या गाड्यांची ही तऱ्हा, तर त्याच्या स्वतःच्या गाडीबद्दल काय बोलावं! दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवासुद्धा उधारीचा होता. बॉनेट वर धरणारा दांडा तुटला, तेव्हा त्याच्या जागी बायकोच्या लांब झाडूचा दांडा आला. हीटर गळू लागला, तेव्हा साहेबांनी हीटरच बाजूला काढला आणि त्याच्याकडे जाणारे दोन पाइप रबरी नळीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडून दिले. तूर्तास. त्यानंतर किती हिवाळे गेले ते विचारू नका. त्या नळीच्या जागी घालायला आणलेली नवी नळी गॅरेजात खिळ्यावर लटकत असे. तीही परवा बेकरीवाल्याच्या व्हॅनला बसवली. बेकरीवाला घाईत होता म्हणे.

त्याची बायको घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची. पँट आखूड कर, चेन बदल, अस्तर लाव. तिचा एक डोळा लहानपणापासून नावालाच होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत होता. सुईत दोरा जाईना, तेव्हा ती रडकुंडीला आली. नवऱ्यानं लगेच उपाय काढला, तो काढणारच. रोज सकाळी गॅरेजला जाण्याआधी तो तिच्या सुया ओवून पिनकुशनवर ओळीनं टोचून ठेवू लागला. शिवण तिला बोटांनीच कळायची.

"आता झालं की नाही काम? तूर्तास चालून जाईल," तो म्हणाला.

इथेही काम चाललं. ऑपरेशनची तारीख एकदा कुणाची तरी गाडी ओढून आणण्यात हुकली, एकदा स्वतःचीच गाडी सुरू झाली नाही म्हणून. शेवटी डॉक्टरीण बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, मोतीबिंदू पिकून डोळ्यात दाब वाढलाय, आता ही तारीख चुकवलीत तर डोळा जाईल. हे ऐकून त्यानं मान हलवली. तूर्तास म्हणायला जागाच नव्हती.

हॉस्पिटल घाटापलीकडच्या शहरात. सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. बायको दोन शाली गुंडाळून, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसली. हीटर नसलेल्या गाडीतला तो हीटर.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि वाऱ्यानं त्याची टोपी दरीत नेली. बॉनेट उघडून पाहतो तर तीच नळी, हीटरची. उभी फाटली होती आणि पाणी रस्त्यावर सांडून गोठायला लागलं होतं.

डिकीत त्याच्याकडे काय नव्हतं? पोस्टमनच्या गाडीचा पट्टा होता, शिक्षिकेच्या गाडीचे प्लग होते, अख्ख्या गावाच्या गाड्या उभ्या राहतील एवढा संसार होता. त्या मापाची नळी मात्र बेकरीवाल्याकडे सुखात होती.

तेवढ्यात वाऱ्यानं झाडूचा दांडाही उडवला आणि बॉनेट धाडकन त्याच्या खांद्यावर आलं.

"अहो, काय झालं?" बायकोनं आतूनच विचारलं.

"काही नाही. जरा बाहेर येतेस? बॉनेट धरायचंय."

ती चाचपडत आली, दोन्ही हातांनी बॉनेट डोक्यावर धरून उभी राहिली. "इथला दांडा कुठे गेला?"

"दरीत."

"माझ्या झाडूचा होता ना?"

तो तारेचं वेटोळं सोडवू लागला. तिनं तो दांडा घरभर शोधला होता, तेव्हाही त्याला असंच काहीतरी काम निघालं होतं.

हातमोजे घालून तार पिळता येत नाही. उघडी बोटं लोखंडाला चिकटत होती. चिकटपट्टी गारठून कागदासारखी सुटत होती, फडकं पाणी धरत नव्हतं. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. त्यानं वर पाहिलं. बर्फ तिच्या भुवयांवर साठत होता आणि ती उघड्या डोळ्यांनी भलत्याच दिशेला बघत होती, जिथे तो नव्हता. आपण हिच्या डोळ्यालाही तारच गुंडाळली, रोज सकाळी, सुई ओवून. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यानं नळीवर काढली, सणसणीत शिव्या देऊन.

"शिव्या पुरे. काय हवंय ते सांगा," ती म्हणाली.

"रबर हवंय. आणि पाणी. पण कोमट. तापल्या इंजिनात बर्फाचं ओतलं तर तडा जाईल."

ती म्हणाली, "म्हणजे माझी पिशवीच की."

त्यानं पिशवी आणली. पाणी सोबत आणलेल्या चहाच्या थर्मासच्या झाकणात मावेना, म्हणून चहा ओतून टाकून थर्मासमध्ये भरलं. मग पिशवी कापून रबराची पट्टी काढली, फाटलेल्या नळीवर गुंडाळली आणि तारेनं आवळली. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. गाडी खोकली, रुसली, मग सुरू झाली.

"बघ," गाडीत बसल्यावर त्याला राहवेना, "हीटर दुरुस्त केला असता तर पिशवी आणलीच नसतीस."

"हीटर दुरुस्त केला असता," ती दात वाजवत म्हणाली, "तर नळी फुटलीच नसती."

त्यानं गाडी घाट चढवून पलीकडे उतरवली. ते पोचले तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत शेवटचा रुग्ण होता. डॉक्टरीण बाई ओरडल्या आणि हिलाही आत घेतलं.

डोळा वाचला. शिवण महिनाभर बंद असं बजावून सांगितलं होतं. घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शिवणाची टोपली खिडकीत ओढली. नुसतं बघते म्हणाली.

बघता बघता ती थांबली. राखाडी पँट, काळा दोरा. पांढरट झगा, काळा दोरा. निळा कोट, तोही काळ्यानं. पिनकुशनवरच्या उरलेल्या सुया बघितल्या, सगळ्या काळ्या.

"मी तर गिऱ्हाइकांना विचारून रोज रंग सांगायचे."

"काळा हाताशी असायचा," तो म्हणाला. "मला वाटलं तूर्तास..."

"म्हणजे सगळं गाव माझे काळे टाके घालून फिरतंय? आणि कुणी बोललं नाही?"

"त्यांच्या गाड्यांखाली मी काय केलंय, तेही कुणी बोलत नाही."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं एका पोलक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझं काम अजून चांगलं आहे."



तिनं कात्री उचलली आणि पहिला टाका उसवायला घेतला. डॉक्टरांनी नको म्हटलंय, हे त्यानं तिला सांगितलं नाही. तो खाली गेला, गाडीचं बॉनेट उघडलं आणि बाजूला काढून ठेवलेला हीटर सुटा करून जमिनीवर मांडला.