बैलाचा उजवा कान

हैदराबादच्या त्या अजायबघरात शिरल्या शिरल्या मी पहिल्याच मूर्तीला हात जोडले, चौथऱ्यावर कपाळ टेकलं आणि वर बघितलं, तर तो कुणीतरी मिशाळ गोरा साहेब होता. छातीपर्यंतच होता. पाय असते तर तेही धरले असते. चपला आम्ही दाराबाहेरच काढल्या होत्या. मूर्ती मांडलेल्या जागी माणूस दुसरं काय करणार? दारातला पहारेकरी खो खो हसला.

"क्या जी, साहब की पूजा कर रे?"

बायको हसली नाही. तिच्या कडेवर आमची दीड वर्षाची मुलगी होती आणि हातात तेलाची बुधली.

"अवो, ह्यो न्हाई," ती म्हणाली. "आपला कुठं हाय ते बघा."

आपला म्हणजे आमच्या गावचा दगडी बैल. बोरीकडून आमच्या गावाला येताना शिवेवर चिंचेखाली बसलेला असायचा. त्याच्या पाठीमागचं महादेवाचं देऊळ कधीच ढासळलं होतं, बैल तेवढा राहिला होता. त्याला नवस बोलायची आमची रीत ठरलेली. त्याच्या उजव्या कानाशी तोंड न्यायचं, डाव्या कानावर तळहात दाबायचा, म्हणजे सांगितलेलं पलीकडून निघून जात नाही, आणि हळू बोलायचं. मागितलेलं मिळालं की त्याच कानात "झालं रे बाबा" म्हणून सांगायचं आणि त्याला तेलानं न्हाऊ घालायचं. डाव्या कानात सांगितलेलं धरत नाहीत. का धरत नाहीत, हे मला विचारू नका. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, आणि तरीही एकदा चुकून डाव्या कानात बोललो तेव्हा घाबरून पुन्हा उजव्या बाजूला आलो होतो.

मुलगी तान्ही असताना तापानं फणफणली. डोळे फिरवायला लागली तेव्हा बायको भर उन्हात अनवाणी शिवेवर गेली आणि बैलाच्या कानात सांगून आली की पोरगी वाचव, तुला तेलानं न्हाऊ घालते. पोरगी वाचली. अशक्त होती म्हणून दोघी जरा पाथरीला, बायकोच्या माहेरी गेल्या. आल्यावर नवस फेडायचा होता.

तेवढ्यात गावात एक दौऱ्यावरचा साहेब आला. त्यानं बैलाभोवती फिरून माप घेतलं, काडीनं तेलाचा थर खरवडून बघितला आणि फर्मावलं की हे जुन्या काळचं काम आहे, सरकारात जमा करा. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. गाडी आमची, कासरे आमचे, उचलणारी माणसं आमची, सगळी वेठीला. हैदराबादच्या त्या राज्यात वेठीची मजुरी मागणं म्हणजे पाठ सोलून घेणं. गावच्या बैलांनी गावचा बैल ओढत परभणीच्या स्टेशनावर नेऊन घातला. बायको माहेराहून आली तेव्हा चिंचेखाली नुसता खड्डा होता.

पावसाळ्यात पोरीला पुन्हा ताप येऊ लागला. उतरायचा, चार दिवसांनी परत यायचा. हकीम झाले, काढे झाले. बायको एकच धरून बसली, "त्यो वाट बघायलाय. त्याचं त्याला द्या, मंग पोरगी सुधरती." कचेरीत विचारलं तेव्हा बैल हैदराबादच्या अजायबघरात ठेवलाय असं कळलं, म्हणून आम्ही आगगाडीत बसून इथवर आलो होतो.

बैल आतल्या दालनात सापडला. मी तर पुढं निघूनही गेलो होतो, कारण आमचा बैल काळा कुळकुळीत आणि हा राखेसारखा करडा. बायकोनं मोडक्या शिंगावरून ओळखला.

"आगं माय," ती म्हणाली, "ह्याला सोलून काढलंय की!"

खरंच सोलला होता. आमच्या पणज्यांपासूनच्या बायकांनी घातलेलं तेल, अंगारा, हळद, सगळं खरडून, धुऊन टाकलं होतं. आणि जागा वाचावी म्हणून त्याला असा कोपऱ्यात रेटला होता की उजवा कान भिंतीला चिकटलेला. मागून माणूस आडवा शिरेल एवढी फट होती, पण कानापाशी तोंड जाईल एवढी नव्हती.

बायकोनं मुलगी माझ्याकडे दिली आणि बुधली घेऊन त्या फटीत शिरू लागली. मघाचा पहारेकरी धावत आला.

"ए बाई! हाथ नक्को लगाओ! बाहर निकलो!"

त्यानं तिच्या हातातली बुधली ओढली. माझं डोकंच फिरलं. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नव्हता. पण अडचण अशी झाली की माझं सगळं उर्दू शाळेतलं आणि कचेरीतल्या अर्जांतलं. त्या भाषेत मला शिवी येतच नव्हती. मी ओरडलो, "जनाब, बराए मेहेरबानी! बंदा निहायत अदब से अर्ज करता है!"

बायको फटीतूनच म्हणाली, "तुमी भांडायलाव का अर्ज करायलाव?"

आरडाओरडा ऐकून आतून एक चष्मेवाले अंमलदार आले. माणूस सभ्य होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. लहान मुलाला समजवावं तसं ते मला सांगू लागले, की ही चीज तुमच्याकडे उन्हापावसात खराब होत होती, तुम्ही लोक तिच्यावर तेल ओतत होता, आम्ही ती वाचवली. धुऊन किती साफ केली, बघा. आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं बैलाखालच्या पाटीकडे बोट दाखवलं.

पाटी उर्दूत होती. मी वाचली आणि माझ्या कानशिलात जाळ झाला. त्यावर गावाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, लावारिस हालतीत सापडला.

"काय लिवलंय?" बायकोनं विचारलं.

"बेवारस सापडला म्हणून."

ती फटीतून बाहेर आली. पदराला, गालाला भिंतीचा चुना लागलेला. "बेवारस? मंग आमी कोन? इचारा त्यास्नी!"

मी वळून म्हणालो, "हुजूर, मेरी अहलिया दरयाफ्त फरमाती हैं..." आणि माझीच मला किळस आली. घरातली वस्तू उचलून नेलेल्या माणसाला मी हुजूर म्हणत होतो. मोडी सोडून उर्दू शिकलो, कारण त्याशिवाय कचेरीत उभं करत नव्हते, आणि त्या उर्दूनं माझ्या तोंडात काय ठेवलं, तर हुजूर. आज हे लिहितानाही माझा हात तापतो.

बायकोनं माझ्या तर्जुम्याची वाट बघितली नाही. ती बैलासमोर उभी राहिली आणि सगळं दालन दणाणेल अशा आवाजात बोलली,

"पोरगी जगली रे बाबा! तुजं तेल घिऊन आले हुते. ह्यानी घालू दिलं न्हाई. ऱ्हायलं ते ह्या चष्मेवाल्याकडून घे!"

अंमलदारांनी मला विचारलं, "क्या कह रही हैं?"

मी म्हणालो, "दुआ दे रही हैं." एवढं एकच वाक्य मला त्या दिवशी नीट जमलं.

बुधली पहारेकऱ्यानं दारात परत दिली. परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसून होती, मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली. अंग कोमट लागत होतं, ते ताप की गाडीतली उकड, कळत नव्हतं. मी धीर करून विचारलं, "फिटला म्हणायचा का मग नवस?"

"फिटतोय कशाचा?" ती म्हणाली. "कान भिंतीत, त्याला ऐकू तरी आलं असंल का? आन अजून एक सांगते. पोरीचा ताप कमी-जास्त झाला तर मी बैलाला बोल लावनार न्हाई. त्यो बांधलेला हाय बिचारा. तुमी गावात गेल्यावर चार मानसं गोळा करा, गाडी जुपा, आन त्याला घरी आना. आन जाताना त्ये तुमचं उर्दू घरी ठिवून जावा."