कपाटातला करंट आणि तात्यांचा शनी

फाउंड्रीच्या मागं भंगाराचा ढीग असतो. कोणी मोडका नांगर आणून टाकतो, कोणी फुटकं इंजिन. ढीग कोणी मुद्दाम रचत नाही, तरी तो वाढतच जातो. आमच्या गोष्टींचं तसंच झालंय. आम्ही जुने कामगार अजून संध्याकाळी कुंडलच्या स्टँडजवळ चहाला बसतो. एकानं एक तुकडा उचलला, की खालून दुसरा निघतो. मी बोलायला सावकाश. माझी पाळी येईपर्यंत चहा संपून सगळे उठलेले असतात! म्हणून म्हटलं, या वेळी लिहूनच काढावं.

* * *

एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं झाली होती. सांगलीच्या अलीकडं आमची फाउंड्री. मालक अण्णा, जैन, घरचा ऊस, पांढरं धोतर, पांढरी टोपी. भट्टीच्या धुरात दिवसभर उभे राहायचे, पण धोतराला डाग नाही. आम्ही काळं बीड, म्हणजे लोखंड ओतायचो. इंजिनाचे भाग, गुऱ्हाळाच्या चरकात ऊस पिळणाऱ्या जाड रुळासारख्या लाटा, असलं जड काम.

भट्टी होती दत्तूतात्यांच्या ताब्यात. कोळशाची भट्टी. तात्या बारीक भोकातून आत डोळा लावायचे आणि म्हणायचे, "काढा." मग आम्ही वितळलेल्या लोखंडाचा रस काढायचो. ते म्हणेपर्यंत अण्णासुद्धा काही बोलायचे नाहीत.

एक दिवस पुण्याहून ट्रक आला. त्यात माणसाएवढं उंच लोखंडी कपाट, आणि तांब्याच्या नळीचे वेढे दिलेलं एक मोठं भांडं. बरोबर चष्मा लावलेले तरुण जोशीसाहेब. अण्णांनी सगळ्यांना बोलावलं.

"ही करंटची भट्टी. दसऱ्याला हिच्यातनं पैला रस काढायचा. मग कोळशाची बंद. तात्या, ही तुमीच चालवायची. तुमाला न्हाईच जमलं, तर पुण्याचा माणूस आणावा लागंल की."

तात्यांनी कपाटाला एक फेरी मारली. वर बघितलं, खाली वाकून बघितलं.

"धुराडं न्हाई, कोळसा न्हाई, पंखा न्हाई. अण्णा, ही भट्टी हाय, का सूनबाईंचं कपाट इकडं आलंय चुकून?"

तेव्हापासून त्याचं नाव कपाटच पडलं. जोशीसाहेबांनी त्याचं इंग्रजी नाव पाटीवर लिहून लावलं होतं. ते राहिलं पाटीवरच!

* * *

कपाट नक्की करतं काय, हे जोशीसाहेबांनी आम्हाला जीव तोडून सांगितलं. बोर्डाचा करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होतो, तो हजार वेळा करायचा. खडूनं जमिनीवर लाटा काढल्या, मोठ्या लाटा, मग बारीक लाटा.

तात्या वाकून बघत म्हणाले, "लुगड्याची किनार झकास हाय. फुडं?"

साहेब हसले आणि त्यांनी गेटवरच्या सुभेदारांना हाक मारली. सुभेदार फलटणकडचे, पलटणीतून पेन्शनीत आलेले, आमचे वॉचमन. "सुभेदार, जरा चौघांना उभं करा."

आम्ही चौघं उभे राहिलो. साहेब म्हणाले, "बोर्डाचा करंट म्हणजे दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं. सावकाश." आम्ही केलं. "आता कपाटाचं पहिलं काम. मागं फिरणं बंद. सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं." सुभेदारांनी हुकूम दिला, आम्ही थेट भिंतीला जाऊन नाक लावलं.

"आता दुसरं काम. पुन्हा पुढं-मागं करायचं. पण बोर्डाच्या मर्जीनं नाही, आपल्या मर्जीनं. भराभर!"

सुभेदारांना तेवढंच पाहिजे होतं. "पीछे मुड! पीछे मुड! पीछे मुड!" आम्ही एकमेकांच्या अंगावर. कोणाचं डोकं कोणाच्या पाठीत, माझी टोपी दुसऱ्याच्या पायाखाली. घामानं निथळलो.

"असं सेकंदाला हजार वेळा!" साहेब म्हणाले. "ही धावपळ तांब्याच्या वेढ्यात चालते, आणि भांड्यातलं लोखंड आपोआप तापतं."

तात्या आमच्याकडं बघत म्हणाले, "तापंल न्हाई तर काय! ही चार तर बघा, किती तापल्यात!"

* * *

आता हुकूम कोण देतं, हे सांगायचं राहिलंच. साहेबांनी कपाट उघडून दाखवलं. आत सातारच्या कंदी पेढ्याएवढ्या चकत्या, धातूच्या पट्ट्यांत घट्ट दाबून बसवलेल्या. "हे थायरिस्टर. हे करंटला कधी सोडायचं ते ठरवतात. म्हणजे कपाटातले सुभेदारच!"

हे ऐकल्यापासून आमचे सुभेदार रोज सकाळी कपाटाला सॅल्यूट करायला लागले.

पुढं चाचणी चालू असताना त्यातली एक चकती फटकन उडाली. साहेबांनी ती काढली आणि भंगाराच्या ढिगाकडं भिरकावली. सुभेदार पळत गेले, उचलून आणली, सदऱ्याला पुसली.

"साहेब, ड्युटीवर असताना गेलाय त्यो. भंगारात न्हाई टाकायचा."

गेटवरच्या खिडकीत ती चकती पुढं कित्येक वर्षं होती. पंधरा ऑगस्टला तिच्यापुढं फूल असायचं.

* * *

कपाटाला थंड ठेवायला आतून पाणी फिरवायचं होतं. साहेब म्हणाले, "पाणी मात्र अगदी शुद्ध लागेल हं. साधं चालणार नाही."

अण्णा हसले. "शुद्ध पाण्याची काळजी आमच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या घरून बैलगाडी आली. त्यात पितळी घागरी. पाणी जाड कापडाच्या पदरांतून गाळलेलं, मग उकळलेलं, निवल्यावर झाकून आणलेलं. बरोबर घरचा माणूस, वाटेत कुणी हात लावू नये म्हणून!

साहेबांनी मीटरच्या दोन तारा घागरीत बुडवल्या. काटा सरकला. "नाही चालणार. क्षार आहेत. यातून करंट जाईल."

अण्णांचा चेहरा पडला. पुन्हा गाळून, पुन्हा उकळून आणलं. काटा पहिल्यापेक्षा जरा जास्तच सरकला.

"आवं साहेब," अण्णा अगदी दुखावून म्हणाले, "आमच्या मुनीमहाराजांना चालतं हे पाणी. आन ह्या कपाटाला चालत न्हाई?"

तात्या हळूच म्हणाले, "अण्णा, ह्येचं सोवळं लय कडक दिसतंय."

शेवटी सांगलीच्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याच्या काचेच्या बरण्या आणल्या. घागरींतलं पाणी आम्ही प्यायलो. तसं पाणी मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

* * *

कपाट चालू झालं की शिट्टी वाजायची. आधी बारीक गुणगुण, मग सूर चढत चढत जायचा. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या चाचणीला अण्णा, तात्या, आम्ही सगळे भोवती उभे. साहेबांनी बटण दाबलं, गोल मूठ फिरवली. शिट्टी चढायला लागली. सुभेदार मागं गेटजवळ होते. लढाईत असल्या शिट्टीनंतर काय पडतं हे त्यांना ठाऊक. ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "लेट जाओ!"

आणि गड्या, आम्ही सगळे लेटलो! मी लेटलो, तात्या लेटले, अण्णा पांढऱ्या धोतरासकट काळ्या रेतीत लेटले. धोतराला डाग पडलेला मी तेवढाच बघितला.

साहेबांची आमच्याकडं पाठ होती. ते मूठ सोडून वळले तर सगळी फाउंड्री जमिनीवर पालथी! ते चष्मा सावरत म्हणाले,

"अहो, नमस्कार नंतर करा, आधी वितळू तर द्या!"

* * *

पण तात्यांचं काही जमेना. अडचण एकच होती, ती त्यांच्या बोटात होती.

साहेबांचा नियम होता की भट्टीच्या वेढ्याजवळ अंगावर लोखंड नको. किल्ल्या, चाकू, अडकित्ते सगळं टेबलावर ठेवून जायचं. तात्यांच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी होती, शनीची. एकदा भांड्याजवळ हात नेला आणि तात्या बोंबलत हौदाकडं पळाले. हात पाण्यात बुडवून उभे.

"काय झालं तात्या?"

"शनी पेटला रं!"

साहेब म्हणाले, "अंगठी काढा. नाहीतर मी तुम्हाला भट्टीजवळ उभं करू शकत नाही." तात्यांनी नकाराची मान हलवली.

आम्ही हसलो. पण संध्याकाळी हौदावर हात धुताना तात्या मला म्हणाले, "साडेसाती माझी न्हाई रं. माझ्या हणमंताची हाय. त्यो लढाईवर गेला तवा घातली. त्यो बर्फात उभा हाय, आन मी हितं नोकरीसाठी काढून ठिवू?"

हणमंता त्यांचा मुलगा. लढाईतून वाचला होता, पण अजून पलटणीतच होता. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत तात्या हात पुसून निघाले होते.

अण्णांनाही कळलं. ते रोज म्हणायचे, "दसऱ्यापतोर बघू की." आणि दसरा जवळ येत चालला. पुण्याच्या माणसाला निरोपही गेला होता.

* * *

दसऱ्याला फाउंड्री धुऊन काढली. हत्यारांना झेंडू वाहिला. कोळशाची भट्टी दर वेळी तात्याच पेटवायचे. कापराची वडी लावायची, नमस्कार करायचा, मग विस्तव. करंटच्या भट्टीला पेटवायचं काय? तात्या कापूर मुठीत धरून लांब उभे होते.

अण्णा म्हणाले, "तात्या, चालवायला कोण का असंना, कापूर तुमच्याच हातचा."

तेवढ्यात गेटवर सुभेदारांची आरोळी ऐकू आली. "दत्तूतात्या! कोण आलंय बघा!"

हणमंता! खांद्यावर ट्रंक, अंगावर साधा सदरा. "आबा, पेन्शनीत आलो. आता कुठं जायचं न्हाई."

तात्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्याच हाताची अंगठी ओढायला लागले. येते कशाची! इतक्या वर्षांत बोट सुजून तिच्याभोवती वाढलेलं. साबण झाला, गोडं तेल झालं, सुभेदारांनी ओढलं, मी ओढलं. शेवटी हणमंतानं दोरा गुंडाळून एक हिसका दिला आणि अंगठी उडून अण्णांच्या पायाशी पडली. बोटावर पांढरा वळ राहिला.

"ही नदीत सोडायची असती," अण्णा म्हणाले.

"कशाला किस्नामाईच्या गळ्यात घालू? लोखंड लोखंडात जाऊ दे." तात्यांनी अंगठी भांड्यातल्या भंगारावर ठेवली. तिच्यावर कापराची वडी ठेवली. काडी लावू नका, असं साहेबांनी बजावलं होतं. मग तात्या मोकळ्या हातानं कपाटापुढं गेले आणि साहेबांनी दाखवलं तशी मूठ फिरवली.

शिट्टी चढली. या वेळी कोणी लेटलं नाही. आम्ही आरतीचं ताट शोधत होतो, तोवर भांड्यात लोखंड लाल झालं आणि कापूर भक्कन पेटला. काडी नाही, विस्तव नाही!

तात्या साहेबांकडं वळले.

"साहेब, ह्येला जरा समजवा. आमची आरती सुरू बी न्हाई, आन ह्यो कापूर लावून मोकळा!"

त्या रसाची पहिली लाट आम्ही म्हसवडकडच्या एका पाटलांच्या चरकासाठी ओतली. पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

* * *

पुढच्या दसऱ्याला तेच पाटील फाउंड्रीत आले. तोंड उतरलेलं. अण्णांनी खुर्ची दिली, तात्यांना बोलावलं.

"लाटंला नाव न्हाई ठेवत," पाटील म्हणाले. "लाट एक नंबर हाय. चिरा न्हाई, खोट न्हाई. पण ती बसवल्यापास्नं गुऱ्हाळाला कायतरी लागलंय बगा. पैल्याच दिवशी इंजिनाचा पट्टा तुटला. मग रस आटवायची काहिल गळाय लागली. गूळच धरंना. गुळव्या रुसून सासरवाडीला जाऊन बसला. काल तर गुऱ्हाळात माकडं शिरली! म्हसवडला कवा माकडं बघितल्याती का तुमी?"

अण्णांनी तात्यांकडं बघितलं.

तात्यांनी शांतपणे विचारलं, "पाटील, लाट कवा बसवली म्हणला?"

"गेल्या दसऱ्यानंतर लगीच. वरीस झालं."

तात्यांनी आपल्या मधल्या बोटावरून अंगठा फिरवला. मग पाटलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"घाबरू नगा, पाटील. आता फकस्त साडेसहा वर्सं ऱ्हायली."