दावलसाबाचा हात

गादी पिंजावी ती दावलसाबानंच. आमच्या हुबळीतल्या घरी दुसऱ्या पिंजाऱ्याला मी कधी उंबरा चढू दिला नाही. मला ‘अक्का’ म्हणायचा. दुसऱ्या जागतिक लढाईच्या आदल्या हिवाळ्यात तो हजला जाऊन आला, स्टेशनावर हार पडले, आणि गल्लीनं त्याला हाजीसाब करून टाकलं. ती हाक ऐकली की याचा चेहरा काळाठिक्कर पडायचा.

एका दुपारी आमच्या अंगणात कापूस पिंजता पिंजता तो रडायलाच लागला.

“अक्का, मी हाजी नाही.”

त्याची बायको मलनबी दम्यानं अंथरुणाला खिळलेली. निघताना म्हणाली होती, “काबाच्या काळ्या दगडाला हात लावून या. तो हात मी डोळ्यांना लावीन, म्हणजे मीच जाऊन आले.”

“दगडाला हात लागला तर पुण्य,” दावलसाब म्हणाला. “नाही लागला तर लांबनं हात उचलला तरी भागतंय. पण हजच्या महिन्यातल्या नववीला, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, अरफातच्या माळावर उभं राहायलाच पाहिजे. ते चुकलं की हज नाही. मी हिच्यासाठी गर्दीत घुसलो. तुडवला गेलो, बरगड्या मोडल्या. दवाखान्यात शुद्धीवर आलो तवा बकरी ईद होऊन गेलेली! सोबतचे बेळगावचे, इथं कुणाला पत्ता नाही. दगडापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो, अक्का. आणि ही रोज हाच हात डोळ्यांना लावते. काय करू, सांगा की!”

माझ्या जिभेला हाड कुठलं! फटकन म्हटलं, “नवराबायकोत कसला आलाय पडदा? सांगून मोकळा हो. पुढल्या साली परत जा.”

त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. मलनबीनं हातातला हात सोडला. “म्हणजे मी मागितलं म्हणून तुमचा हज गेला,” एवढंच म्हणाली. मग तो हात पुढं करायचा आणि ही आपले दोन्ही हात पदराखाली घ्यायची. मी जाऊन विनवलं, रागावले, “अगं बाई, घे की तो हात!” तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. अकराव्या दिवशी गेली बिचारी. कबरस्तानात लोक त्याला म्हणत होते, “हाजीसाब, माती द्या.”

पुढं लढाई पेटली, हजच्या जहाजांचं काही खरं राहिलं नाही. परत जाणं राहूनच गेलं.

अजून तो आमच्याकडं पिंजायला येतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, “दावलसाब, एकदा मला शिव्या तरी घाल रे!”

“तुमचं काय चुकलं, अक्का?” तो म्हणाला. “खरंच तर सांगायला लावलंत.”

मी घरात पळाले आणि दार लावून घेतलं.