कटंगीच्या बाजारात इंदू काय म्हणाली

“कटंगीच्या बाजारात डॉ. इंदुमती खोब्रागडे यांनी एका दृष्टिक्षेपात विषारी अळंब्या ओळखल्या, टोपली लाथेने उलथवली, अनेकांचे प्राण वाचवले आणि त्याच दिवशी वनस्पतिशास्त्राचा त्याग करून स्वतःला लोकसेवेला वाहून घेतले.” बालाघाटच्या शोकसभेत वारासिवनीच्या एका मान्यवर वक्त्यांनी हे वाक्य उच्चारले, सभेने त्यावर माना डोलावल्या, आणि आता तेच वाक्य संगमरवरावर कोरून कटंगीच्या बाजाराच्या तोंडाशी लावण्याचे घाटत आहे. या वाक्यात इंदूचे नाव आणि गावाचे नाव, एवढेच खरे आहे. मी तिचा मामेभाऊ. हयात बालाघाटच्या न्यायालयात वकिली करण्यात गेली, आणि त्या दिवशी मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. वक्ते तेव्हा कुठे होते हे त्यांनी सांगितलेले नाही.

इंदू गेली तेव्हा सकाळ होती. तिच्या मुलीचा फोन आला. मुलगी हिंदीतच वाढलेली. “मामा, आई नहीं रही... चाय पीते-पीते.” मी जाऊन पाहिले तर चेहरा शांत होता, आणि टेबलावर कागदावर पसरलेले गवत व त्याशेजारी भिंग. वनस्पतिशास्त्राचा त्याग म्हणे. तिने आयुष्यभर एका गवताच्या कुळाचा अभ्यास केला. महाविद्यालयात शिकवताना केला, पुढे निवडून येऊन जिल्हा पंचायतीच्या खुर्चीवर बसली तेव्हाही केला. दौऱ्यावर तिची गाडी वाटेत थांबली की चालक न सांगता खुरपी काढून देत असे. भरले आयुष्य जगून, आवडीचे काम हातात असताना ती गेली. मला रडू आले नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

आता बाजाराचे. इंदू तेव्हा महाविद्यालयात शिकवत होती. फुलवंताबाई नावाची एक बाई दर पावसाळ्यात रानातून सात्या आणून विकत असे. सात्या म्हणजे वारुळांवर उगवणाऱ्या पांढऱ्या अळंब्या. आमच्या भागात लोक त्यांची वर्षभर वाट पाहतात. त्या आठवड्यात एका घरातली माणसे उलट्यांनी आजारी पडली, आणि बोट फुलवंताबाईच्या टोपलीकडे गेले. इंदू विद्यार्थ्यांना घेऊन गवत गोळा करायला त्याच बाजूला आली होती, मी एका पक्षकाराला भेटायला. गर्दीने तिला ओळखले आणि वाट करून दिली. “मॅडम, आप तो बॉटनीवाली हो, एक नज़र में बता दोगी. बस बोल दो, ज़हरीला है.” टोपली उलथवायला पाय तयारच होते, फक्त एका शब्दाची खोटी होती.

इंदूने टोपलीतली एक अळंबी उचलली, उलटी करून पाहिली, वास घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मले माहीत नाही.”

मी तिच्या कानाशी लागलो. “काहून वो? सांगून टाक काहीतरी, लोक शांत होतीन.”

“दादा, मी गवतावाली आहो. हे माह्या विषयात येत नाही. तू खुनाचा वकील, तुले जमिनीचा दावा देला तं घेशील काय?”

मी घेतला असता. पण तो मुद्दा वेगळा.

सगळ्यांत संतापली ती फुलवंताबाई. “एवढी शिकली, अन् तुले सात्या वळखू येत नाही काय वो बाई?”

“नाही येत माय,” इंदू म्हणाली, आणि तिच्याच पोत्याचे टोक ओढून तिच्याशेजारी बसली. “मी पाहून येतो. तवरीक या टोपलीले कोणी हात लावाचा नाही, अन् कोणी इकत घ्याचं नाही. पुढच्या बाजारी इथंच सांगन.” बाजार उठेपर्यंत ती तिथून हलली नाही. लाथ मारायची तर आता डॉक्टरीणबाईंच्या मांडीशेजारी मारावी लागली असती. कोणाचा पाय पुढे झाला नाही.

नमुना घेऊन ती नागपूरला आपल्या जुन्या गुरूंकडे गेली. अळंब्या हा त्यांचा विषय होता. इकडे मी त्या आजारी घरी चौकशी केली, तेव्हा कळले की सात्यांना न शिवलेली दोन माणसेही तितकीच आजारी होती. पुढच्या बाजारी इंदू त्याच जागी उभी राहिली आणि म्हणाली, “आता मले माहीत आहे. या खाण्याच्या आहेत.” पहिला द्रोण तिनेच विकत घेतला. फुलवंताबाईने पैसे मोजून घेतले आणि तिला ऐकवले, “आता तरी वळख ठेवजो.”

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आमच्या गावांनी त्यानंतर तिला पंचायतीवर निवडून दिले, ते तिच्या ज्ञानावर भाळून नव्हे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी बाई जेव्हा ‘माहीत आहे’ म्हणते तेव्हा ते खरे असते, एवढा साधा हिशेब त्या माणसांनी केला. पुढे जिल्ह्याचा कारभार हाती आला तरी तिची रीत बदलली नाही. प्रश्न जिथे विचारला गेला तिथेच जाऊन ती उत्तर देई. एकदा कालव्याच्या पाण्याबद्दल एका शेतकऱ्याने बांधावर विचारले होते. उत्तर नकाराचे होते. अधिकारी म्हणाले, “मॅडम, फ़ोन कर देते हैं.” ती म्हणाली, “त्यानं तोंडावर विचारलं, मी फोनवर सांगू?” आणि भर उन्हात त्याच बांधावर जाऊन तिने नाही म्हटले. तो शेतकरी तिच्यावर चिडला, आणि शोकसभेला सगळ्यांआधी येऊन बसला.

हे सर्व मी वक्त्यांशी हौसेने भांडण्यासाठी लिहीत नाही. हौस आहे, पण कारण दुसरे आहे. फुलवंताबाई केव्हाच गेली. तिची सून त्याच जागी बसून सात्या विकते. गेल्या आठवड्यात ती माझ्या ओसरीवर आली. “वकीलसाहेब, तो बोर्ड लागला तं आमच्या टोपलीतून घेईन कोण? सासूले इषारी ठरवून राह्यले, अन् थेही इंदुताईच्या नावानं.” इंदूने ज्या बाईची टोपली सांभाळली, तिच्याच घरावर इंदूचे नाव कोरून कलंक लावायचा... हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही.

मी हरकत घेतली, तेव्हा फलक लावणाऱ्या समितीने माझ्याकडे साक्षीपुरावा मागितला. नागपूरचे गुरुजी हयात नाहीत, आजारी घरातली माणसे विखुरली, आणि म्हाताऱ्याची स्मृती हा पुरावा नव्हे असे एका सदस्यांनी मला नम्रपणे सुचवले. ठीक आहे. त्यांनी एवढेच टिपून घ्यावे. त्या दिवशी गलका सुरू होण्यापूर्वी फुलवंताबाईच्या त्याच टोपलीतला एक द्रोण मी विकत घेऊन पिशवीत टाकला होता. संध्याकाळी, इंदूला न विचारता, आमच्या घरी त्याचीच भाजी झाली, आणि मी ती दोनदा वाढून घेतली.